ग्राहींचे चित्र आणि औषधाचे माप : स्किझोफ्रेनियाच्या संशोधनातील डोपामिन-प्रतिमांकनाचा इतिहास

गोषवारा

जिवंत माणसाच्या मेंदूतील डोपामिन-ग्राहींचे पहिले चित्र १९८३ मध्ये मिळाले. या तंत्रामुळे स्किझोफ्रेनियाचे कारण डोळ्यांनी पाहता येईल, अशी अपेक्षा त्या वेळी निर्माण झाली होती. प्रस्तुत निबंधात या अपेक्षेचा उगम, बाल्टिमोर व स्टॉकहोम येथील संशोधकांच्या परस्परविरोधी निष्कर्षांतून उभा राहिलेला वाद आणि त्यानंतरची वाटचाल यांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. ग्राहींच्या प्रतिमांकनाने रोगाच्या कारणाविषयीचा मूळ प्रश्न अपेक्षेप्रमाणे सोडवला नाही. परंतु औषधाची मात्रा किती असावी या रुग्णाच्या जिव्हाळ्याच्या प्रश्नाला त्याने मोजमापाचा आधार दिला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : डोपामिन, ग्राही, पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी, स्किझोफ्रेनिया, औषधमात्रा, विज्ञानाचा इतिहास.

१. प्रस्तावना

क्षयरोग्याच्या छातीचे क्ष-किरण चित्र काढता येते, मधुमेह्याच्या रक्तातील साखर मोजता येते. स्किझोफ्रेनियाचे निदान मात्र आजही रुग्णाशी व त्याच्या नातेवाइकांशी होणारे बोलणे आणि वर्तनाचे निरीक्षण यांवरूनच करावे लागते. शरीरात बोट ठेवून दाखवता येईल अशी खूण नसल्यामुळे मानसोपचारशास्त्राला इतर वैद्यकशाखांच्या पंक्तीत नेहमीच थोडे अवघडून बसावे लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शास्त्राने अशा खुणेचा जो शोध घेतला, त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण म्हणजे मेंदूतील ग्राहींचे प्रतिमांकन होय.

एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश नेणाऱ्या रासायनिक द्रव्यांना चेतापारेषक म्हणतात. डोपामिन हे त्यांपैकी एक. संदेश स्वीकारणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रथिने असतात; चेतापारेषक त्यांना जाऊन चिकटतो. या प्रथिनांनाच ग्राही किंवा रिसेप्टर असे म्हणतात. 'डोपामिन वाढले की स्किझोफ्रेनिया होतो' हे विधान मानसशास्त्राच्या वर्गात अनेकदा एका वाक्यात सांगून संपवले जाते. हे विधान कोठून आले, त्याची प्रत्यक्ष मेंदूत तपासणी केव्हा झाली आणि त्या तपासणीतून काय निष्पन्न झाले, हे पाहणे अध्यापनाच्या दृष्टीनेही आवश्यक वाटते.

२. पूर्वपीठिका : सर्पगंधा ते डोपामिन गृहीतक

या इतिहासाचा एक धागा भारतात सुरू होतो. सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळाचा उपयोग आपल्याकडे परंपरेने उन्माद, निद्रानाश इत्यादी विकारांवर केला जात असे. १९३१ मध्ये कलकत्ता येथील गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि उन्माद या दोहोंवरील तिच्या परिणामांविषयी लेख प्रसिद्ध केला. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपले अनुभव १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळाकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी सर्पगंधेतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. १९५४ मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याच्या वापराचा अहवाल प्रसिद्ध केला. त्याआधी, १९५२ मध्येच, पॅरिसमध्ये झां दले व पिएर दनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन या औषधाचा चित्तभ्रमाच्या रुग्णांवर होणारा परिणाम नोंदवला होता.

रेसर्पिन हे रोग्यासाठी औषध होते, तसे संशोधकासाठी साधनही ठरले. त्याच्यामुळे चेतापेशींतील डोपामिनसारख्या द्रव्यांचे साठे रिकामे होतात. स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिन देऊन निश्चल केलेल्या प्राण्यांना डोपामिनचे पूर्वद्रव्य असलेले एल-डोपा दिले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. पुढच्याच वर्षी मेंदूतील डोपामिनचे मोजमाप त्यांच्या गटाने प्रसिद्ध केले. डोपामिन हा स्वतंत्र चेतापारेषक आहे, या कल्पनेचा पाया असा घातला गेला. १९६३ मध्ये कार्लसन व मार्गिट लिंडक्विस्ट यांनी उंदरांवरील प्रयोगांत पाहिले की, क्लोरप्रोमाझिन व हॅलोपेरिडॉल या औषधांनी डोपामिनसारख्या द्रव्यांची विघटित रूपे वाढतात. औषधे ग्राही अडवून धरत असावीत आणि त्याची भरपाई म्हणून पेशी अधिक स्राव करीत असाव्यात, असा अर्थ त्यांनी लावला. कार्लसन यांना २००० मध्ये पॉल ग्रीनगार्ड व एरिक कँडेल यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक तार्किक बाब लक्षात घेतली पाहिजे. औषध डोपामिनचे कार्य रोखते, यावरून रोग डोपामिनच्या आधिक्याने होतो, असे सिद्ध होत नाही. ताप उतरवणारी गोळी घेतल्याने ताप उतरला, म्हणून त्या गोळीच्या अभावाने ताप आला होता असे कोणी म्हणत नाही. ॲम्फेटामिनसारखी डोपामिनचा स्राव वाढवणारी द्रव्ये अतिप्रमाणात घेतल्यास चित्तभ्रम होतो, हा या गृहीतकाचा दुसरा आधार होता. पण तोही अप्रत्यक्षच होता. प्रत्यक्ष पुराव्यासाठी रुग्णाच्या मेंदूपर्यंत जाणे भाग होते.

३. ग्राही मोजण्याचे प्रारंभिक प्रयत्न

१९७० च्या दशकात किरणोत्सारी द्रव्य वापरून ग्राही मोजण्याची पद्धत प्रयोगशाळांत रुळली. मेंदूच्या ऊतींत किरणोत्सारी खूण लावलेले औषध मिसळावयाचे, न चिकटलेले धुऊन टाकावयाचे आणि उरलेल्या किरणोत्सारावरून ग्राहींची संख्या काढावयाची, असे तिचे थोडक्यात स्वरूप होते. टोरांटो येथे फिलिप सीमन यांनी १९७५-७६ मध्ये, तर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात इयान क्रीझ, डेव्हिड बर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी १९७६ मध्ये एक लक्षणीय संबंध दाखवून दिला. जे औषध डोपामिन-ग्राहीला अधिक घट्ट चिकटते, ते रुग्णाला कमी मात्रेत पुरते. नंतर हा ग्राही 'डी-२' या नावाने ओळखला जाऊ लागला.

यानंतर मृत रुग्णांच्या मेंदूंची तपासणी झाली व १९७८ च्या सुमारास अशा मेंदूंत डी-२ ग्राही अधिक आढळल्याचे अहवाल आले. मात्र त्यातील बहुतेक रुग्णांनी वर्षानुवर्षे औषधे घेतली होती. दीर्घकाळ औषध दिल्यास उंदरांच्या मेंदूतही ग्राही वाढतात, हे स्नायडर यांच्याच प्रयोगशाळेने १९७७ मध्ये दाखवले होते. तेव्हा मृत मेंदूतील वाढ ही रोगाची खूण की उपचाराची, हे ठरवता येईना. हा पेच सोडवण्यासाठी दोन अटी पूर्ण होणे आवश्यक होते : मेंदू जिवंत हवा आणि रुग्णाने पूर्वी औषध घेतलेले नसावे.

४. जिवंत मेंदूतील ग्राहींचे पहिले चित्र

पहिली अट पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी, अर्थात 'पेट', या तंत्राने पूर्ण केली. सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात मिशेल तेर-पोगोशियन, मायकेल फेल्प्स व एडवर्ड हॉफमन यांनी १९७५ च्या सुमारास या यंत्राला त्याचे आधुनिक रूप दिले. शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी द्रव्यातून पॉझिट्रॉन बाहेर पडतो. जवळच्या इलेक्ट्रॉनशी गाठ पडताच दोहोंचा लय होऊन परस्परविरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण निघतात. डोक्याभोवतीच्या शोधक-कड्यावर ते एकाच क्षणी नोंदले गेले, की द्रव्य कोणत्या रेषेवर आहे ते कळते. अशा असंख्य नोंदींतून संगणक चित्र तयार करतो.

अडचण होती ती द्रव्याची. खूण म्हणून वापरल्या जाणाऱ्या कार्बन-११ चे अर्धायुष्य सुमारे २० मिनिटे असते. सायक्लोट्रॉनमध्ये तो तयार करून रेणूला जोडणे, शुद्ध करणे, तपासणे आणि शिरेत टोचणे ही सारी कामे घड्याळाशी शर्यत लावूनच करावी लागतात. म्हणूनच सायक्लोट्रॉन, रसायनशास्त्रज्ञ व रुग्णालय एकाच आवारात असलेल्या मोजक्या संस्थांनाच हे संशोधन शक्य झाले. भारतात पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पेट यंत्र २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. या संशोधनाचा पाया ज्या औषधशास्त्राने घातला त्याच्या आरंभी भारतीय वनस्पती होती. परंतु ग्राहींच्या चित्रांचा पहिला वाद घडला तेव्हा त्यासाठी लागणारे यंत्रच आपल्याकडे नव्हते.

जॉन्स हॉपकिन्स येथील अणुवैद्यकाचे प्राध्यापक हेन्री वॅग्नर यांच्या गटाने स्पायपेरोन या औषधाच्या एका रूपाला कार्बन-११ जोडला. बबून माकडावरील प्रयोगानंतर २५ मे १९८३ रोजी ५६ वर्षांचे वॅग्नर स्वतःच यंत्राखाली झोपले. जिवंत माणसाच्या मेंदूतील डोपामिन-ग्राहींचे ते पहिले चित्र होय. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ते 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले. आजवर परीक्षानळीत किंवा मृत ऊतींत मोजले गेलेले ग्राही आता विचार करणाऱ्या, श्वास घेणाऱ्या माणसात दिसू लागले होते. साहजिकच पुढचा प्रश्न असा होता : स्किझोफ्रेनियाच्या रुग्णात ते अधिक दिसतात काय?

५. बाल्टिमोर आणि स्टॉकहोम : एक प्रश्न, दोन उत्तरे

हॉपकिन्सच्या गटातील डीन वाँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे दिले. कधीही औषध न घेतलेले १० रुग्ण, औषध घेतलेले ५ रुग्ण आणि ११ निरोगी व्यक्ती यांची तुलना त्यांनी केली. मेंदूच्या कॉडेट केंद्रकातील ग्राहींची घनता निरोगी गटात दर ग्रॅमला सरासरी १६.६ पिकोमोल, तर औषध न घेतलेल्या रुग्णांत ४१.७ पिकोमोल आढळली. ही वाढ अडीचपट होती. औषधाचा संपर्क नसतानाही ती दिसल्यामुळे रोगाचे मूळच सापडले, असे वाटावे अशीच ही आकडेवारी होती.

दरम्यान स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत लार्स फार्डे, गोरान सेडवाल व सहकारी रॅक्लोप्राइड हे वेगळे द्रव्य वापरत होते. त्यांनी औषध न घेतलेले १८ रुग्ण व २० निरोगी व्यक्ती यांची तुलना १९९० मध्ये प्रसिद्ध केली. दोन्ही गटांतील डी-२ ग्राहींच्या संख्येत लक्षणीय फरक त्यांना आढळला नाही. फ्रान्समधील एका गटाचा निष्कर्षही याच बाजूला झुकणारा होता.

दोन्ही गट नामांकित होते, दोहोंची यंत्रे उत्तम होती आणि दोघेही प्रामाणिकपणे मोजत होते. मग उत्तरे वेगळी का? याची काही कारणे पुढील चर्चेत स्पष्ट झाली. बाल्टिमोरचे द्रव्य ग्राहीला इतके घट्ट चिकटते की प्रयोगाच्या कालावधीत ते सहसा सुटत नाही. रॅक्लोप्राइड मात्र चिकटते आणि सुटते, त्यामुळे मेंदूतील नैसर्गिक डोपामिनशी त्याची स्पर्धा होते. स्पायपेरोनच्या कुळातील द्रव्ये सेरोटोनिनच्या काही ग्राहींना आणि १९९१ मध्ये ओळखल्या गेलेल्या डी-४ ग्राहीलाही चिकटतात. रॅक्लोप्राइडचा ओढा मुख्यतः डी-२ व डी-३ कडे असतो. ग्राहींची घनता काढण्याचे गणितही भिन्न होते. रुग्णांचे वय व आजाराचा कालावधी यांतही फरक होता.

इतिहासाच्या अभ्यासकाला हा वाद ओळखीचा वाटेल. एकाच घटनेविषयी दोन साधने वेगवेगळी साक्ष देतात, तेव्हा आपण प्रथम साधन कोणी, कशासाठी व कोणत्या भाषेत निर्माण केले ते पाहतो. पेटच्या चित्राबाबतही तेच करावे लागते. लाल-पिवळ्या रंगांत उजळलेला मेंदू छायाचित्रासारखा भासला, तरी ते छायाचित्र नसते. कोणते द्रव्य टोचले, ते कशाकशाला चिकटते आणि कोणते गणित लावले, यांवर त्यातील प्रत्येक ठिपका अवलंबून असतो.

६. औषधाचे माप : प्रतिमांकनाचे खरे योगदान

रोगाच्या कारणाचा वाद असा रेंगाळत असताना त्याच यंत्रावर दुसरा, वरकरणी साधा प्रश्न विचारला जात होता : रुग्णाने घेतलेले औषध प्रत्यक्षात किती ग्राही व्यापते?

या प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी त्या काळची उपचारपद्धती पाहावी लागेल. १९७० व ८० च्या दशकांत हॅलोपेरिडॉलसारखी औषधे मोठ्या मात्रेत देण्याचा प्रघात अनेक ठिकाणी पडला होता. दिवसाला २० मिलिग्रॅम वा त्याहून बरीच अधिक मात्रा दिली जाई. गुण न आल्यास ती आणखी वाढवली जाई. याची किंमत रुग्ण मोजत असे. स्नायू ताठणे, हात कापणे, एका जागी बसवेनासे होणे, चेहरा निर्विकार होणे हे त्रास इतके सर्रास दिसत की, ते आजाराचेच लक्षण असल्याचा समज होई. या त्रासाला कंटाळून रुग्ण औषध सोडत आणि आजार उलटे.

फार्डे यांच्या गटाने १९८८ मध्ये दाखवले की, रासायनिकदृष्ट्या भिन्न असलेली ११ औषधे नेहमीच्या मात्रेत दिली असता डी-२ ग्राहींपैकी ६५ ते ८५ टक्के ग्राही व्यापतात. १९९२ मध्ये त्यांनी आणखी एक भेद दाखवला. ज्या रुग्णांत ताठरपणासारखे दुष्परिणाम होते, त्यांच्यातील ग्राही-व्याप्ती दुष्परिणाम नसलेल्यांपेक्षा अधिक होती. पारंपरिक औषधांची व्याप्ती ७० ते ८९ टक्के, तर असे दुष्परिणाम क्वचितच करणाऱ्या क्लोझापिनची ३८ ते ६३ टक्केच होती. १९८९ मध्ये न्यूयॉर्कमधील ॲडम वोल्किन व सहकाऱ्यांनी तितकाच महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. औषधाने गुण न आलेल्या रुग्णांतही ग्राही गुण आलेल्यांइतकेच व्यापलेले होते. म्हणजे औषध मेंदूत पोहोचत नाही म्हणून मात्रा वाढवावी, या तर्काला आधार उरला नाही.

या शृंखलेतील निर्णायक टप्पा २००० मध्ये टोरांटो येथे गाठला गेला. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतून वैद्यकीय पदवी घेतलेले शितिज कपूर व त्यांचे सहकारी यांनी पहिल्यांदाच आजारी पडलेल्या २२ रुग्णांना हॅलोपेरिडॉलची दिवसाला १ किंवा २.५ मिलिग्रॅम इतकी अल्प मात्रा दिली. कोणाला किती मात्रा दिली, हे रुग्ण व तपासणारे दोघांनाही ठाऊक नव्हते. दोन आठवड्यांनी पेट चित्रे घेतली असता गुण येण्याची शक्यता ६५ टक्के व्याप्तीच्या पुढे, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढण्याची ७२ टक्क्यांच्या पुढे आणि स्नायूंच्या दुष्परिणामांची ७८ टक्क्यांच्या पुढे लक्षणीयरीत्या वाढते, असे दिसले. गुण आणि त्रास यांच्यामध्ये एक अरुंद पट्टा आहे आणि पहिल्यांदा आजारी पडलेल्या अनेकांना या जुन्या औषधाच्या दोन-अडीच मिलिग्रॅममध्येच तो गाठता येतो, हे आकड्यांनिशी पुढे आले. जेथे दुसरे औषध परवडत नाही, तेथे या ज्ञानाचे मोल विशेष आहे.

७. ग्राहीकडून स्रावाकडे

कारणाचा शोध मात्र थांबला नाही. त्याची दिशा बदलली. रॅक्लोप्राइडसारख्या द्रव्यांची डोपामिनशी होणारी स्पर्धा हा आधी दोष मानला गेला होता. संशोधकांनी तिचाच साधन म्हणून उपयोग केला. डोपामिन अधिक स्रवले, तर ट्रेसरला जागा कमी उरेल आणि चित्र फिके पडेल, हे त्यामागील सूत्र होते. मार्क लारुएल, अनिसा अबी-दरघाम व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये १५ रुग्ण व १५ निरोगी व्यक्तींना ॲम्फेटामिन देऊन याच सूत्राने मापन केले. ट्रेसरच्या बंधनातील घट निरोगी व्यक्तींत ७.६ टक्के, तर रुग्णांत १९.५ टक्के आढळली. ग्राहींच्या संख्येपेक्षा स्राव करणाऱ्या पेशीच्या कार्यात बिघाड असावा, असे यातून सूचित झाले.

२०१२ मध्ये ऑलिव्हर हाऊस व सहकाऱ्यांनी ४४ अभ्यासांतील ६१८ रुग्ण व ६०६ निरोगी व्यक्तींची माहिती एकत्र तपासली. सर्वांत ठळक फरक डोपामिन तयार करणाऱ्या व सोडणाऱ्या पेशीच्या बाजूला दिसला. डी-२ व डी-३ ग्राहींची वाढ अल्प होती आणि औषध न घेतलेल्या रुग्णांत ती दिसली नाही. १९८३ मध्ये ज्या ठिकाणी उत्तर शोधावयास सुरुवात झाली, त्याच्या शेजारच्या पेशीत ते काही अंशी सापडले. 'काही अंशी' असे म्हणण्याचे कारण हे की, रुग्ण व निरोगी यांच्या मापांत बरीच सरमिसळ असते आणि एका व्यक्तीचे चित्र पाहून निदान करता येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले झॅनोमेलिन व ट्रॉस्पियम यांचे संयुक्त औषध तर डी-२ ग्राही अडवतच नाही. ते मस्कारिनिक ग्राहींमार्फत कार्य करते.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) डोपामिन गृहीतक हे औषधाच्या परिणामावरून रोगाच्या कारणाकडे उलट्या दिशेने केलेले अनुमान होते. ग्राहींच्या प्रतिमांकनाने ते जसेच्या तसे सिद्ध केले नाही वा सर्वस्वी फेटाळलेही नाही. त्याचे रूप बदलले.

२) १९८६ व १९९० मधील परस्परविरोधी निष्कर्षांनी दाखवून दिले की, मेंदूचे चित्र हा स्वयंसिद्ध पुरावा नसून द्रव्य, गणित व रुग्णनिवड यांच्या आधारे वाचावयाचा दस्तऐवज आहे.

३) या तंत्राचा रुग्णाला मिळालेला सर्वांत खात्रीचा लाभ म्हणजे औषधमात्रेला मिळालेला मोजमापाचा आधार होय. अधिक औषध म्हणजे अधिक उपचार, ही समजूत त्यामुळे ढासळली.

४) या इतिहासात सर्पगंधेपासून टोरांटोच्या प्रयोगापर्यंत भारतीय वनस्पती, वैद्य व संशोधक यांचा सहभाग दिसतो. त्याची नोंद विज्ञानाच्या इतिहासाच्या अध्यापनात व्हावयास हवी.

वर्गात 'डोपामिन वाढल्याने स्किझोफ्रेनिया होतो' असे सांगताना त्या वाक्यापुढे या पन्नास वर्षांची गोष्ट जोडली, तर विद्यार्थ्याला दोन गोष्टी कळतील. विज्ञान ज्या प्रश्नाचे उत्तर शोधावयास निघते, त्याचेच उत्तर त्याला दर वेळी मिळते असे नाही. आणि वाटेत मिळालेले दुसरे उत्तरही, ताठरलेल्या हातांनी पाण्याचा पेला धरू पाहणाऱ्या एखाद्या रुग्णासाठी, मूळ प्रश्नाच्या उत्तराइतकेच मोलाचे असू शकते.